रूढी कुणाची, शिक्का कुणाचा?

न्याय लोकांच्या दारात नेऊन पोचवायचा, अशी भाषा हल्ली मोठमोठे साहेब बोलतात. परिषदा भरतात, अहवाल निघतात, चहाबिस्किटं होतात. म्हणणं एवढंच की कोर्ट लांब आहे, वकील महाग आहे, तारखा संपत नाहीत. तेव्हा गरिबाच्या जमिनीचा तंटा गावातच मिटवावा, जाणत्या माणसांपुढे, चालीरीतीप्रमाणे. जिथे एकाच देशात दोन-दोन तीन-तीन कायदे नांदतात, एक सरकारचा, एक जमातीचा, एक धर्माचा, तिथे तर हा उपाय रामबाण म्हणून विकला जातोय. नाव दिलंय न्यायसुधारणा.

ऐकायला ब्येस. पण आपल्या माणसाने पहिला सवाल हा करायचा की दार कुणाचं? गावाला दारं दोन असतात. एक वेशीच्या आत, एक बाहेर. न्याय नेमका कुठल्या दारात नेऊन ठेवणार ते आधी बोला.

दुसऱ्या बाजूला आपलेच काही दोस्त आहेत. ते म्हणतात, रूढी-फिढी सगळं जाळून टाका, देशात एकच कायदा ठेवा, प्रश्न मिटला. ही भाषा मलाही आवडते. मनुस्मृती जाळणाऱ्या बापाची आपण पोरं, आपल्याला जाळायची भाषा आवडणारच. पण आवडली म्हणून ती प्रत्येक ठिकाणी खरी ठरत नाही. एकच कायदा म्हंजे कुणाचा कायदा, हेही विचारायला लागतं.

दक्षिण आफ्रिकेत ह्या दोन्ही गोष्टी करून झाल्यात. तिथे पार्लमेंटचा छापील कायदा झाला आणि रूढीचा कायदाही झाला, अन् दोन्ही वेळेला जमीन काळ्या माणसाच्याच पायाखालून गेली. मग १९९४ नंतर त्याच माणसांनी दोन्ही कायद्यांना कोर्टात उभं करून उलटतपासणी घेतली. ती उलटतपासणी आपल्या पोरांनी नीट वाचली पाहिजे. मंडेलाचा फोटो भिंतीवर लावून भागत नाही.

आधी सरकारी कायद्याचं बघा. १९ जून १९१३ ला तिथे नेटिव्ह्ज लँड ॲक्ट आला. पार्लमेंटात मंजूर, गॅझेटात छापलेला, एकदम कायदेशीर. त्याने देशातली साधारण ७ टक्के जमीन काळ्यांसाठी ठेवली आणि बाकीच्या मुलखात त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही, खंडाने घ्यायची नाही, असं ठरवून टाकलं. १९३६ ला दुसरा कायदा करून हा आकडा १३ टक्क्यांच्या आसपास नेला. देशातली बहुसंख्य जनता १३ टक्क्यांत कोंबली. पुढे १९६० ते १९८३ ह्या काळात सुमारे ३५ लाख माणसं राहत्या जागेवरून उचलून दुसरीकडे टाकली. दरोडेखोर आले नाहीत. ट्रक आले, पोलीस आले, हुकूमनामे आले. सगळं कलमाप्रमाणे झालं.

सोल प्लाइकी नावाचा एक काळा माणूस होता. कोर्टात दुभाष्याचं काम केलेला, मग वर्तमानपत्राचा संपादक झालेला. १९१३ चा कायदा आल्यावर तो सायकल घेऊन रस्त्यावर निघाला. गुरंढोरं, बायकापोरं घेऊन हाकललेली कुटुंबं जिथे भेटतील तिथे त्यांची हकीकत लिहून घेतली. १९१६ ला त्याचं पुस्तक निघालं. आपल्या लोकांची त्या कायद्याने काय गत केली हे सांगायला त्याने जो इंग्रजी शब्द वापरला तो आहे पॅरिया. हा शब्द इंग्रजीत गेला कुठून? तामीळ मुलखातल्या परैयर ह्या अस्पृश्य जातीच्या नावावरून. म्हंजे जमीन गेलेल्या आफ्रिकेतल्या माणसाला स्वतःसाठी शब्द शोधायला लागला तेव्हा त्याला आपलं नाव सापडलं. हे नातं कुणी परिषदेत जोडलेलं नाही, भाकरी अन् जमीन हिसकावणाऱ्यांनी जोडलेलं आहे.

आता रूढीच्या कायद्याचं बघा. साल १९२७. त्या साली २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली. त्याच साली तिकडचं गोरं सरकार काळ्यांच्या रूढीचं बाड बांधून त्याच्यावर सरकारी मोहोर मारत होतं. नेटिव्ह ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट. ह्या कायद्याने गोरा गव्हर्नर-जनरल नाताळ, ट्रान्सवाल आणि फ्री स्टेटमधल्या समस्त काळ्यांचा 'सुप्रीम चीफ' झाला. चीफ म्हंजे जमातीचा प्रमुख, आपल्याकडचा पाटील अन् सरंजामदार एकात एक. आणि ह्या सगळ्या चीफांचा बाप कोण, तर गोरा साहेब! चीफ नेमायचा त्याने, काढायचा त्याने, अख्खी जमात एका जागेवरून उठवून दुसरीकडे हाकलायची त्याने. काळ्यांच्या तंट्यांना वेगळी कोर्टं. खाली चीफचं, वर नेटिव्ह कमिशनरचं. काळ्यांची अस्सल परंपरा काय आहे हे काळ्यांना गोऱ्याने सांगायचं. नाताळात तर आधीच, १८९१ च्या नेटिव्ह कोडमध्ये, बाई म्हंजे जन्मभर अज्ञान असं लिहून ठेवलेलं होतं. बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या ताब्यातली. तिचं नाव जमिनीला लागणार कसं?

चीफ लोकांचा होता की सरकारचा, ह्याचा निकाल अल्बर्ट लुथुलीने लावून दिला. ग्राउटव्हिलच्या लोकांनी निवडलेला हा चीफ, १९३६ पासून काम बघत होता. शाळामास्तर माणूस. १९५२ ला सरकारने त्याला सांगितलं, एकतर काँग्रेस सोड नाहीतर चीफपण सोड. काँग्रेस म्हंजे तिथली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. तो म्हणाला, दोन्ही सोडत नाही. सरकारने त्याला चीफपणावरून काढून टाकलं. त्याला पुढे १९६० चं शांततेचं नोबेल मिळालं, ती गोष्ट वेगळी. आपल्या कामाची गोष्ट ही की लोकांनी निवडलेला चीफ सरकार एका कागदावर हाकलू शकत होतं. मग उरले कोण? सरकारचं ऐकणारे. १९५१ च्या बांटू ऑथॉरिटीज ॲक्टने त्यांना पद्धतशीर सरकारी यंत्रणेत बसवलं. आणि ह्या यंत्रणेला नाव दिलं जमातीची परंपरा.

हे वाचताना मराठी माणसाच्या, त्यातून आपल्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे. महारवतन आठवा. गावाची रूढी होती, इंग्रजाने १८७४ च्या वतन कायद्यात ती बांधून टाकली. जमिनीचा एक तुकडा, घरोघरचं बलुतं, आणि त्याच्या बदल्यात दिवसरात्र सरकारचं अन् गावाचं काम. सांगावा पोचवा, सारा पोचवा, मेलेलं ढोर ओढा. नाही म्हणालास तर वतन जप्त. रूढी गावाची, शिक्का इंग्रजाचा, पाठ आपली. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात हा कायदा बदलायचं बिल आणलं. आपल्यातल्याही काही जणांना तेव्हा तो तुकडा सोडवत नव्हता. वतन गेलं तर खायचं काय? बाबासाहेबांनी ओळखलं होतं की तो तुकडा म्हंजे गळ्यातली साखळी, आणि साखळी सोन्याची असती तरी साखळीच.

शेवटी १९५८ चा वतन निर्मूलन कायदा झाला. जमिनी पुन्हा दिल्या त्या नव्या शर्तीवर, म्हंजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. शर्त आपल्या रक्षणासाठी. पण शर्त कागदावर, अन् गरज पोटात. आमच्या आज्याची वतनाची जमीन होती. पोरीच्या लग्नाला दोनशे रुपये घेतले, अंगठा दिला, आणि जमीन 'तात्पुरती' वेशीच्या आत गेली. ती अजून तात्पुरतीच आहे. तलाठ्याकडे गेलं की तो म्हणतो, गावात विचारा. गावात विचारलं की गाव म्हणतं, तलाठ्याकडे जा. दोन कायदे आणि मध्ये आपण, असा हा पिंगपाँग चाललाय.

मी गोदीत हमाली करतो. गोदीने मला एक गोष्ट शिकवली. माल कुणी पाठीवर घेतला ह्याला कागदात जागा नसते. चलनावर सही कुणाची, एवढंच उरतं. वीस माणसांनी रात्रभर जहाज खाली केलं तरी सकाळी सही करतो मुकादम. जमिनीचंही तेच. कसतो एक, सही दुसऱ्याची. म्हणून कायदे किती आहेत हा सवाल मला दुय्यम वाटतो. एक असो की चार असोत. शिक्का कुणाच्या हातात आहे, आणि शिक्का मारणाऱ्याला कसणारा माणूस नाही म्हणू शकतो का, हा खरा सवाल.

ह्या सवालावर तिथल्या लोकांनी १९९४ नंतर जे केलं ते ऐका. १९९६ च्या त्यांच्या घटनेने रूढीचा कायदा मान्य केला, पण घटनेच्या खाली. रूढी माणसाच्या मूलभूत हक्काला भिडली तर रूढी मागे हटणार. आणि १९ जून १९१३ नंतर वंशभेदी कायद्यांनी ज्यांची जमीन गेली त्यांना ती किंवा तिचा मोबदला मागायचा हक्क दिला.

ऑक्टोबर २००३. रिश्टर्सवेल्ड, देशाच्या वायव्य कोपऱ्यातला कोरडा मुलूख, तिथे नामा लोक राहतात. १९२० च्या दशकात तिथे हिरे सापडले आणि सरकारने त्यांना त्या पट्ट्यातून बाहेर काढलं. पुढे सरकारची अलेक्सकोर कंपनी हिरे काढत बसली. सरकारी बाजू म्हणाली, १८४७ ला हा मुलूख ब्रिटिश राणीचा झाला, तेव्हाच ह्यांचा हक्क संपला. ह्यांच्याकडे कागद कुठाय? घटना कोर्टाने सांगितलं, ह्यांचा स्वतःचा कायदा आहे आणि तो तुमच्या कायद्याच्या बरोबरीचा कायदा आहे. त्या कायद्याप्रमाणे ही जमीन ह्यांची होती, आणि जमिनीखालचे हिरेसुद्धा ह्यांचे होते. मुलूख राणीच्या राज्यात गेला म्हणून मालकी मरत नाही.

आता सांगा, एकच कायदा ठेवा म्हणणाऱ्या दोस्तांनो, त्या दिवशी रूढी जाळली असती तर नामा लोकांच्या हातात काय उरलं असतं? गोऱ्याच्या कायद्यात त्यांचं नावच नव्हतं.

आणि बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर २००४. तेच कोर्ट. केपटाउनच्या बाहेर खायेलित्शा नावाची झोपडपट्टी, आपल्या धारावीची बहीण. तिथे एक सुतारकाम करणारा माणूस मेला. मागे बाई आणि दोन पोरी. १९२७ च्या त्याच कायद्याप्रमाणे, म्हंजे रूढीप्रमाणे, वारस पुरुषच. पोरी नाहीत, बाई नाही. मेलेल्याचा बाप वारस. तो म्हणाला, जागा विकतो, मयताचा खर्च भागवतो. बाई पोरींच्या वतीने कोर्टात गेली. कोर्टाने १९२७ चं ते कलम आणि पुरुषच वारस हा नियम दोन्ही मोडीत काढले.

एका वर्षात रूढीने एक जमात तारली आणि रूढीने दोन पोरी बुडवायला काढल्या. मग रूढी चांगली की वाईट? सवालच चुकीचा आहे. कोर्टाने त्या निकालात एक फरक दाखवला तो लक्षात ठेवा. एक रूढी पुस्तकात, कायद्यात गोठवलेली असते. दुसरी रूढी लोक रोज जगतात अन् गरजेप्रमाणे बदलतात. पुस्तकातली रूढी साहेबाने आणि म्हाताऱ्या पुरुषांनी मिळून लिहिलेली. जगण्यातली रूढी बायाही चालवतात. लिंपोपो प्रांतातल्या व्हालोयी लोकांनी तर ठरवलं की आमच्या चीफच्या गादीवर बाई बसेल. एका पुरुष नातेवाइकाने दावा लावला की हे परंपरेत बसत नाही. २००८ ला घटना कोर्ट म्हणालं, परंपरा त्यांची आहे, तर ती बदलायचा हक्कही त्यांचाच.

इथवर गोष्ट उमेदीची आहे. पण काळा माणूस सत्तेवर आला म्हणून शिक्का आपोआप कसणाऱ्याच्या हातात आला, असं समजू नका. आपल्याकडेही आपला माणूस मंत्री झाला की आपण फटाके उडवतो. तिथेही उडवले होते.

१९९४ च्या एप्रिलात, पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर, क्वाझुलू-नाताळमध्ये इंगोन्यामा ट्रस्ट निघाला. सुमारे २८ लाख हेक्टर जमीन, प्रांताच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, आणि विश्वस्त एकटा झुलूंचा राजा. जमीन लोकांसाठी राखायची हे काम. पण २००७ पासून ट्रस्टने लोकांना सांगायला सुरुवात केली की तुमचे जुने राहण्याचे परवाने सोडा, भाडेपट्टा करा. ४० वर्षांचा पट्टा, दरसाल भाडं, आणि भाड्यात दरसाल १० टक्के वाढ. पिढ्यान् पिढ्या स्वतःच्या जमिनीवर राहणारा माणूस एका सहीत भाडेकरू! सिझानी न्गुबाने ह्या बाईने उभी केलेली रूरल विमेन्स मूव्हमेंट ह्याविरुद्ध कोर्टात गेली, बरोबर इतर लोक होते. न्गुबानेबाई डिसेंबर २०२० ला गेल्या. जून २०२१ ला पीटरमारित्झबर्गच्या हायकोर्टाने सांगितलं, हे पट्टे बेकायदा, वसूल केलेलं भाडं परत करा, जमिनीचे खरे मालक तिथे राहणारे लोक आहेत. तो निकाल ऐकायला त्या हव्या होत्या.

दुसरीकडे प्लॅटिनमची खाण. नॉर्थ वेस्ट प्रांतात १३ कुळांनी पैसे जमवून १९१९ ला एक शेतमळा विकत घेतला. विकत घेतला, फुकट नाही. पण काळ्याच्या नावावर तो लावायला तेव्हाचं राज्य तयार नाही, म्हणून कागदावर मंत्र्याचं नाव, 'जमातीच्या वतीने'. नव्वद-एक वर्षांनी खाण कंपनी आली. तिने त्या कुळांना विचारलंच नाही. जमातीच्या वतीने चीफच्या मंडळींनी सही दिली आणि मालकांनाच जमिनीवरून हाकलायचा हुकूम कोर्टातून आला. ऑक्टोबर २०१८ ला घटना कोर्टाने तो हुकूम रद्द केला. पण बघा, 'जमातीच्या वतीने' ह्या दोन शब्दांत केवढी चोरी मावते. आपल्याकडे 'समाजाच्या वतीने' म्हणतात.

तिथल्या न्यायसुधारणेचा सगळ्यात उघडा नमुना म्हंजे २००८ चं ट्रॅडिशनल कोर्ट्‌स बिल. परिषदेतल्या साहेबांना हवं तेच त्यात होतं. जवळचा, स्वस्त, आपल्या भाषेतला न्याय. पण आत काय? चीफच्या कोर्टात वकील आणायचा नाही. माझा तंटा तुमच्याकडे नको, मी सरकारी कोर्टात जातो, असं म्हणायची सोय नाही. शिक्षा म्हणून बिनमजुरीचं काम सांगता येईल. रूढीने मिळणारे फायदे काढून घेता येतील. आणि खेड्यात रूढीने मिळणारा सगळ्यात मोठा फायदा कुठला? जमीन. म्हंजे वेठबिगार आणि जप्ती, दोन्ही सुधारणेच्या पाकिटात! खेड्यातल्या बाया प्रांतोप्रांतीच्या सुनावण्यांत उभ्या राहिल्या आणि बोलल्या. बिल तेव्हा बारगळलं. त्याआधी चीफच्या मंडळींकडे जमिनीचा कारभार देणारा २००४ चा कायदाही चार वस्त्यांनी कोर्टात नेऊन २०१० ला पाडला होता.

आणि हे सगळं कोर्टातल्या काळ्या डगल्यांनी केलं असंही समजू नका. खोलोबेनीच्या किनाऱ्यावर टायटॅनियमची खाण नको म्हणून पाँडो लोक लढत होते. त्यांच्या समितीचा पुढारी सिखोसिफी राडेबे, लोक त्याला बझूका म्हणायचे, त्याला २२ मार्च २०१६ ला घराजवळ गोळ्या घातल्या. नोव्हेंबर २०१८ ला हायकोर्टाचा निकाल आला की लोकांची पूर्ण, समजून-उमजून दिलेली संमती असल्याशिवाय मंत्र्याला तिथे खाणीचा परवाना देता येणार नाही. चीफची सही पुरत नाही, लोकांचा होकार लागतो. ह्या एका वाक्यासाठी एक माणूस मेला.

मग कोर्ट हेच औषध का? नाही बाबा. १९९८ च्या मुदतीपर्यंत जमीन परत मागणारे सुमारे ८० हजार दावे आले. २०१६ ला घटना कोर्टापुढे विषय आला तेव्हा त्यातले हजारो तसेच पडून होते. २०१७ च्या सरकारी जमीन अहवालात व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन अजून गोऱ्यांच्याच नावावर. रूढीने जमीन धरणाऱ्यांना संरक्षण देणारा १९९६ चा कायदा नावानेच तात्पुरता, आणि पुढे वर्षानुवर्षं दरसाल मुदत वाढवून चालवलेला. तात्पुरतं हा शब्द गरिबाच्या वाट्याला आला की तो कायमचा राहायला येतो. तेव्हा कोर्ट लांब आहे, महाग आहे, हे साहेबांचं म्हणणं खोटं नाही. खोटं आहे ते पुढचं, की म्हणून तुम्ही चीफकडे जा. दवाखाना लांब आहे म्हणून माणसाला मांत्रिकाच्या हवाली करायचं का? दवाखाना जवळ आणा.

तिथल्या कायद्यात एक गोष्ट आहे, ती मी आपल्या सगळ्या संघटनांना ओरडून सांगेन. जमीन परत मागणाऱ्याच्या दाव्यात ऐकीव पुरावासुद्धा चालतो. जमीन कशी गेली, त्याआधी ती कुणाकडे कशी होती, हे आजीने नातवाला सांगितलेलं असेल तर नातू ते कोर्टात सांगू शकतो आणि कोर्ट ते ऐकून घेतं. जमिनीचं खास कोर्ट १९९४ च्या कायद्याने आलं, २०२३ च्या कायद्याने त्याचं कायमचं लँड कोर्ट झालं.

आता आपल्याकडे या. दादासाहेब गायकवाडांच्या मागे माणसं १९५९ ला, १९६४ ला जेलात गेली, भूमिहीनाला जमीन द्या म्हणून. गायरानं कसायला घेतली, मार खाल्ला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायचं ठरलं. छान. पण पुरावा आण. कुणाचा? ज्या तलाठ्याने, ज्या पाटलाने तुझं नाव कधी लिहिलंच नाही त्याच्या वहीचा. पावती आण, दंडाची नोंद आण. आमच्या बाया पहाटे उठून दगड वेचून ते रान कसणीला आणतात, त्यांच्या हाताला पडलेले घट्टे कुठल्या वहीत आहेत? तिथे आजीची आठवण पुरावा होते आणि इथे आजी अतिक्रमणदार.

म्हणून आपली मागणी साफ असली पाहिजे. कायदे दोन असोत, तीन असोत, कुठल्या कोर्टात जायचं हे दुबळ्याने ठरवायचं. बाईने, भूमिहीनाने, गावकुसाबाहेरच्याने. गावाच्या बैठकीतून उठून जायची वाट उघडी राहिली पाहिजे, आणि उठून जाणाऱ्याचं पाणी, रेशन, रस्ता तुटता कामा नये. महाराष्ट्राने २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो ह्याच वाटेसाठी. जातपंचायतीची दहशत असलेल्या प्रत्येक वस्तीत तो वाचून दाखवा. समाजाच्या वतीने सही कुणीही करायची नाही, ज्याची जमीन त्याचा होकार, आणि बाईचं नाव कागदावर पहिलं. आणि जो कसतो त्याच्या तोंडची साक्ष तलाठ्याच्या वहीइतकीच खरी धरायची. एवढं करा आणि मग त्याला सुधारणा म्हणा.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या स्तोत्रांची पिसं काढली आणि घटनेचा पाया गाव न धरता माणूस धरला म्हणून आनंद मानला. तो आनंद आपण विसरलो तर उद्या कुणीतरी परदेशी पैशाने, गोड भाषेत, पुन्हा आपल्याला पाटलाच्या ओट्यापुढे उभं करेल आणि म्हणेल, बघा, न्याय तुमच्या दारात आला.

तेव्हा त्याला विचारा, ओट्यावर कोण बसलंय? खाली कोण उभं आहे? आणि शिक्का कुणाच्या हातात आहे? उत्तर मिळेपर्यंत अंगठा देऊ नका.

जय भीम.